ग नंतर एकदम नी

मी, ‘कात्री’ या टोपणनावाने ओळखला जाणारा, वय ४३ वर्षे, धंदा ध्वनिमुद्रण व आवाजाची साफसफाई, राहणार स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर, समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो ते असे.

गेल्या महिन्याच्या चार तारखेला सकाळी अकराच्या सुमारास तक्रारदार बाईंचे थोरले भाऊ माझ्याकडे आले. त्यांच्या आईने वारण्यापूर्वी स्वतःच्या फोनवर बोलून ठेवलेला निरोप त्यांनी पेनड्राइव्हवर आणला होता. “पंख्याच्या घरघरीत काही कळत नाही, तेवढं साफ करून द्या,” एवढेच ते म्हणाले. काही कापा असे ते म्हणाले नाहीत.

मी घरघर काढली. नंतर सवयीने खोकला, अडखळणे, दोनदा आलेले शब्दही काढले. हे मी कानाने करत नाही, डोळ्याने करतो. पडद्यावर आवाजाची लाट दिसते. ‘नाही’ची लाट दोनदा सारखीच दिसली, मध्ये खोकल्यासारखे काही होते. मी पहिले ‘नाही’ ठेवून पुढचे उडवले. वाक्य मी ऐकले नाही, पाहिले. तयार झाले ते असे: “धाकटीला घर द्यायचं नाही. पण तिने आधी थोरल्याशी बोलावं.”

हे नातेवाइकांसमोर वाजवले गेले आणि तक्रारदार त्याच दिवशी घर सोडून गेल्या, हे मला काल ठाण्यातून फोन आल्यावर कळले. आईचा फोन पुसून विकला गेला आहे, मूळ आवाज तुमच्याकडेच असेल, असे साहेबांनी सांगितले.

मी साफ केलेली फाइल उघडली. आईच्या आवाजामागे शेजारच्या खोलीत कोणीतरी कीबोर्डवर सरगम घोकत होते. ते सा, रे, ग वरून एकदम नी वर गेले. मला नवल वाटले. शिकाऊ झाला म्हणून म, प, ध तिन्ही एका दमात कोण गिळेल? ते सूर मी सॉफ्टवेअरमध्ये चौकटींवर मांडून पाहिले. दर सेकंदाला एक, घड्याळासारखे. फक्त ‘नाही’नंतर तीन सूर कमी. म्हणजे चोर मीच.

आमच्या कामात कापलेला तुकडा नष्ट होत नाही, झाकला जातो. पडद्यावर तुकड्याची कड ओढली की परत येतो. मी गप्प बसलो असतो तर कोणाला पत्ता लागला नसता, पण मला चैन पडेना. कड ओढली. म, प, ध आले आणि त्यांच्यासोबत आईचे शब्द: “द्यायचं नाही… असं नाही.”

आज सकाळी दहा वाजता मूळ आवाज ठाण्यात दोघा भावंडांसमोर वाजवला. थोरले भाऊ खाली बघत बसले. ते एवढेच म्हणाले, “मला खरंच हे ठाऊक नव्हतं गं.” तक्रारदार बाईंनी घराविषयी काही विचारले नाही. त्या मला म्हणाल्या, “मधे आई हसली ना?”

मी हो म्हणालो. तो खोकला नव्हता.

“मग ते पुन्हा लावा,” त्या म्हणाल्या. मी चार वेळा लावले.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याबरहुकूम असून खरा आहे, त्यातून काहीही वगळलेले नाही.