मागचा आवाज

बारामती स्टँडावर इंदापूरची गाडी अजून लागायची होती. मागच्या बाकावर दोघी जावा एकाच मोबाईलवर वाकल्या होत्या. पुढच्या बाकावर गाडीची वाट बघणाऱ्या कौसल्याबाईंनी मान वळवली नाही, पण कान तिकडंच लावले.

"अक्का, पॉडकास्टला कुठलं ॲप घ्यायचं ते ठरवा. आपलं जुनं, का हे नवीन?"

"नवीन काय येगळं करतं?"

"बोलणारीचा आवाज ठिवतं, मागचा गोंगाट आपोआप पुसतं. मिक्सर, कुत्रं, ट्रॅक्टर, समदं गेलं. ऐका."

"आगं, रेडिओवानी वाटतंय की! पण श्रेया, आत्या कुठं गेल्या?"

"कोण आत्या?"

"आपल्या सासूबाई! मी मसाला सांगताना दारातनं वरडत हुत्या न्हवं?"

"त्या पुसल्या गेल्या."

"आत्या?"

"ॲपला गोंगाट वाटला."

"आगं, मी चुकून म्हणले, खोबरं काळं हुस्तवर भाजा. 'काळं न्हाय, तांबूस!' हे त्याच वरडल्या. आता ऐकणाऱ्यांची आमटी कडू की!"

"मग त्यांचं वाक्य तुमीच बोला, मी जोडते."

"थांब, त्यांचाच फोन हाय. स्पीकरवर टाक."

"काय गं पोरींनो, माझं आलं का त्यात? समद्या आळीला सांजच्याला ऐकायला बोलावलंय."

गाडी लागली. लोक धावले. कौसल्याबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आलंय, आत्या."

"मोठ्यानं आलंय न्हवं?"

"लई मोठ्यानं. ठिवते."

"अक्का, आता वं?"

"आता काय? पूस ते नवीन ॲप."