चिमूटभर मिठाच्या टाळ्या

सन्माननीय अध्यक्षा सुमतीताई, आपल्या सोसायटीचे सचिव प्रशांतराव, आजच्या सत्कारमूर्ती हेमाताई, त्यांना कायमचं कोलशेतच्या आपल्या घरी न्यायला आलेले त्यांचे चिरंजीव अनिमेष आणि चहा येईपर्यंत माझं ऐकून घेण्याचं ठरवून बसलेल्या माझ्या डोंबिवलीकर शेजाऱ्यांनो,

हेमाताईंबद्दल चार गौरवाचे शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. बोलतो. पण आधी मनातलं सांगून टाकतो. मला या बाईंचा हेवा वाटतो. अनिमेष, हसू नकोस, मी गंभीर आहे.

दर रविवारी सकाळी याच सभागृहात आपला ग्राहक कट्टा भरतो. फसवणुकीची शंका आली की वस्तू टेबलावर आणायची आणि तिची सर्वांसमक्ष तपासणी करायची. हा कट्टा सुरू कुणी केला? मी. आयुष्यभर शाळेत विज्ञान कुणी शिकवलं? मीच. हेमाताई बँकेतून निवृत्त झाल्या आणि वेळ जाईना म्हणून येऊन बसल्या. आणि लोकांनी खुर्च्या सरकवल्या त्या कुणाच्या बाजूला? जाऊ द्या.

तो पाण्याच्या मशीनवाला आठवतो ना? त्याने दोन ग्लास मांडले. एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर गाळ तरंगू लागला. मशीनचं पाणी मात्र स्वच्छ. "बघा मॅडम, हे पाजता तुम्ही मुलांना!"

विमलाबाई किंचाळल्याच, "अगं बाई, हे पितो आपण? दादा, माझ्याकडे आजच बसवा!" घरोघरी मशीन लागायचीच बाकी होती.

मी उभा राहिलो. म्हटलं, घाबरू नका, ही घाण पाण्यातली नाही, कांडीच्या लोखंडाची आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. मशीनने क्षार काढून टाकलेले, म्हणून तिथे काही होत नाही. फळ्यावर आकृतीसुद्धा काढली. तुम्ही काय केलंत? मान डोलावलीत आणि पुन्हा त्या माणसाकडे वळून हप्ते विचारू लागलात.

तेव्हा हेमाताई माझ्या कानाशी वाकल्या. "सर, त्याच्या स्वच्छ पाण्यात मीठ टाकलं तर?"

मी म्हटलं, "तेही तपकिरी होईल की. त्यात काय विचारायचं?"

सुमतीताईंनी त्या दिवशी पेरूच्या फोडी आणल्या होत्या. त्या ताटलीतलं चिमूटभर मीठ हेमाताईंनी उचललं, मशीनच्या पाण्यात टाकलं, ढवळलं आणि त्या माणसाला म्हणाल्या, "हं भाऊ, घाला आता कांड्या." तो काही घालेना. मग त्यांनीच घातल्या. पुढचं तुम्ही पाहिलंत. टाळ्या काय, शिट्ट्या काय! विमलाबाईंनी तर त्यांना मिठीच मारली.

अहो, ज्ञान माझं, आकृती माझी, उत्तरही माझंच! यांचं काय? मीठ. तेही सुमतीताईंचं.

त्या गदारोळात हेमाताई म्हणाल्या होत्या, "हे मला सरांनी सांगितलं." कुणाला ऐकूच गेलं नाही. मला ऐकू गेलं. वाटलं, निदान मनाचा मोठेपणा तरी माझ्यासाठी शिल्लक ठेवायचा! हेवा कमी कुठला होतोय, दुप्पट झाला.

आता हेमाताई निघाल्या, म्हणून त्यांची कट्ट्यावरची मुख्य खुर्ची माझ्याकडे येते आहे. किती वर्षं तिच्यावर डोळा होता माझा! गेल्या रविवारी हेमाताई सामानाची बांधाबांध करत होत्या, म्हणून मी तिच्यात बसलो. गुरुदत्त घेतल्यापासून महिनाभरात बंद पडलेला दिवा घेऊन आला. मला पाहिलं आणि म्हणाला, "हेमाताई नाहीत? मग राहू दे सर, त्यांनाच फोन करतो."

तर हेमाताई, एक विनंती. डोंबिवलीतून फोन आले तर उचलू नका. उचललाच तर सरांना विचारा, म्हणावं. सवय तोडा यांची. उत्तरं माझ्याकडे आहेत. ती मीठ टाकून दाखवायची कशी, तेवढंच मला येत नाही.

सुमतीताईंनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी चहा थंड होऊ दिलात, मी ऋणी आहे. मत्सराच्या भरात काही वेडंवाकडं बोललो असेन तर पोटात घाला. आणि हेमाताई, माझा फोन आला तर मात्र उचला.