दार वाजवलं का?

वहिनी : …पण भाऊजी, आपलं बातम्यांचं 'कोपरा' ॲप विकत घेणाऱ्या कंपनीला तो एक रकाना नकोय, म्हणून सगळा व्यवहारच मोडायचा का?

भाऊजी : रकाना नाही वहिनी, प्रश्न आहे तो. 'दार वाजवलं का?' त्याला 'हो' म्हटल्याशिवाय निधनाची बातमी पुढे सरकतच नाही. मी स्वतः बसवलाय.

वहिनी : माझ्याच सांगण्यावरून बसवलात. मलाच काय पुराण सांगता?

भाऊजी : मग तो काढू द्यायला तयार कशा झालात?

वहिनी : थकले म्हणून. बातम्या मी लिहायच्या, फोन मी घ्यायचे, कोणाचं मांजर झाडावर अडकलं तरी हाक मलाच. लेक म्हणते, आई, बाळ रांगायला लागलं आणि तू अजून त्याला फोटोतच बघतेस. कंपनी 'कोपरा' चालवायला माणसं ठेवणार आहे. सुटू दे की मला.

भाऊजी : सुटा ना, कोण धरून ठेवतंय? पण ते घेतायत काय, ते तरी बघा. आपला कोड पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुला. कोणीही उचलावा, वापरावा, बदलावा. फुकट मिळतं त्याला कोणी पैसे देतं का? बंदरावरच्या त्या पोरी आपलाच कोड घेऊन त्यांच्या बातम्या चालवतात. सगळं बदललं त्यांनी, पण तो प्रश्न त्यांच्या भाषेत तसाच ठेवलाय.

वहिनी : पूर्वरंग फार झाला भाऊजी. उत्तररंगावर या.

भाऊजी : ते आपलं नाव विकत घेतायत. 'कोपऱ्यावर आलंय म्हणजे खरंच असणार' असं लोक म्हणतात ना, ते म्हणणं विकत घेतायत.

वहिनी : लोक तसं म्हणायला लागले ते खालच्या घड्याळजींमुळे. आपण बातमीत धडधाकट माणसाला मारलं…

भाऊजी : सारख्या नावाची गल्लत झाली हो.

वहिनी : …आणि ते स्वतःच्या पायांनी जिना चढून आले. काय म्हणाले, आठवतं? 'ताई, लिहिलंय फार छान. फक्त एक दुरुस्ती आहे.' त्या दिवसापासून घरी जाऊन दार वाजवल्याशिवाय आपण कोणाला मारलं नाही.

(दारावर टकटक. घड्याळजी आत येतात. डोळ्याचं भिंग काढायचंही राहून गेलेलं.)

घड्याळजी : ताई, मी पुन्हा गेलो काय?

वहिनी : अगं बाई! काय भलतंच बोलता?

घड्याळजी : मी कुठे बोलतोय? तुमचा 'कोपरा' बोलतोय. हा बघा फोन. 'परिसरातील ज्येष्ठ घड्याळ-कारागीर यांचं आज निधन.' फोटोही तोच, मिशीतला. अहो, मिशी केव्हाच काढली मी!

भाऊजी : थांबा, थांबा. वहिनी, सकाळी आपण कंपनीला चाचणी करू दिली ना? त्यांनी जुन्या बातम्या पुन्हा आत भरल्या असणार. तारीख आजची पडली. प्रश्न तर काढूनच टाकलेला. मग काय, गेली सुसाट.

वहिनी : सगळ्यांना?

भाऊजी : सगळ्यांना. ही घेतली मागे. दुरुस्तीही टाकतोय.

घड्याळजी : माझं काही नाही हो. मागच्या वेळी निदान फुलं आली होती, या खेपेला तीही नाहीत. पण धाकटीनं कामावरून रडत फोन केला. मी म्हटलं, बेटा, मीच बोलतोय. तरी तिला पटेना.

वहिनी : आवाज ऐकूनही?

घड्याळजी : ऐकूनही. म्हणाली, 'पण बाबा, कोपऱ्यावर आलंय.'

भाऊजी : …वहिनी, कंपनीचे साहेब आहेत फोनवर. घेता ना?

वहिनी : द्या. हां साहेब, बोला. …किरकोळ? तुमची किरकोळ चूक माझ्यापुढे उभी आहे, डोळ्याला भिंग लावून. …नाही हो, भांडत नाहीये. कोड खुशाल न्या, तो सगळ्यांचाच आहे. नाव मात्र तुमचं तुम्ही ठेवा. …शंभर गावांत दारं कोण वाजवणार? तेच तर मीही विचारतेय. तसं कोणी मिळालं की या. चहा पाजते.

भाऊजी : मोडलंत?

वहिनी : मोडलं.

भाऊजी : आणि बाळ?

वहिनी : बाळाकडे मी जाणारच. फोन तुम्ही घ्यायचे. मांजरांसकट.

भाऊजी : मी? वहिनी, माणसांशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो.

वहिनी : फुटू दे. पुसायला रुमाल देऊन जाईन.

घड्याळजी : दारं मी वाजवीन ताई. दोनदा जाऊन आलेल्या माणसाला कसला संकोच?

भाऊजी : मग लगेचच निघावं लागेल. आत्ताच एकानं कळवलंय. पुलाजवळच्या गाणं शिकवणाऱ्या बाई गेल्या म्हणून.

वहिनी : अरे देवा! काय गळा होता माउलीचा… बघा, 'होता' म्हणूनही गेले मी.

घड्याळजी : निघालो.

वहिनी : घड्याळजी, हळू वाजवा हं. आतून त्याच 'कोण आहे?' म्हणतील, अशा आशेनं.