शब्द सांगा, मग मूल न्या

—नाही दादा, ओळखपत्र नाही चालत. त्यावरचा फोटो तुमचा, कबूल. आणि ती आतून हात हलवतेय, निळ्या रिबिनीवाली, तिचं नाकही तुमचंच, तेही कबूल. पण नाकं बघून पोरं सोडायला लागले तर संध्याकाळपर्यंत निम्मी पोरं भलत्याच घरी जेवायला बसतील. मला शब्द हवाय. प्रत्येक घराने एक शब्द ठरवून दिलाय, तो या वहीत आहे — तुम्ही तो सांगायचा, मी ताडून बघायचा, की पोरगी तुमची. काय? ‘गुलाब’? नाही. ‘मोगरा’? दादा, असं बागेत फिरल्यासारखं नका करू, तीनदाच सांगता येतं, दोन झाले. बायकोने ठरवलाय? मग तिला लावा फोन. उचलत नाही? उचलेल. बसा इथे बाकावर. पहिलीची बाकी सगळी गेली, तुमचीच तेवढी राहिलीय, आणि मोठे वर्ग सुटायला अजून वेळ आहे — मलाही तेवढीच सोबत.

मान खाली घालू नका हो, मघाशी तुम्ही बसलाय तिथेच आमच्या मोठ्या बाई बसल्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. नियम त्यांचाच, सकाळी माइकवरून पालकांना समजावलाही त्यांनीच — तुमचं शाळेत स्वागत आहे, मुलांची सुरक्षा ही आपली सगळ्यांची जबाबदारी, वगैरे वगैरे — आणि सुटताना स्वतःच्या नातवाला न्यायला आल्या तर शब्द आठवेना. म्हणतात, अगं मावशी, मला ओळखत नाहीस का? म्हटलं ओळखते ना बाई, चौदा वर्षं ओळखते, बसा. अकरा मिनिटं बसल्या. मी घड्याळ बघत होते. अशी अकरा मिनिटं पुन्हा मिळायची नाहीत मला.

तुम्हाला वाटत असेल, या बाईला जरा जास्तच चढलीय. असू दे. नियम उगाच नाही आला. तीन वर्षांपूर्वी, असाच शाळा उघडल्यानंतरचा पहिला आठवडा, एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, बोलणं असं की लोणी पण लाजेल. पहिलीतल्या एका मुलाला नावाने हाक मारली, म्हणाला मी त्याचा मामा, आई कामात अडकलीय. नाव कसं कळलं? पाण्याच्या बाटलीवर होतं ना, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत. म्हणून तर आता सांगते, नाव घाला पण दप्तराच्या आत घाला. तर तेव्हा गेटवर एक दुसरी बाई होती. साधी होती बिचारी. त्याने तिला ताई म्हटलं, कुंडीतल्या झाडांचं कौतुक केलं, म्हणाला तुमच्या हाताला गुण आहे — आता झाडांना कोण कधी बरं म्हणतं सांगा, मला तर घरचे — म्हणजे तिला, तिला घरचे कुणी कधी म्हणाले नव्हते. पोरगं जरा मागे मागे सरत होतं, ते दिसलं होतं मला. वाटलं, लाजतंय.

हो. ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. दुसरी बाई कुठली, मीच होते.

अर्ध्या तासाने आई आली. म्हटलं, तुमचे भाऊ घेऊन गेले की त्याला.  ती म्हणाली, मला भाऊ नाही. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सापडला हो, सापडला. म्हणून तर बसून सांगतेय तुम्हाला. बस-स्थानकावर त्याने शूला जायचं म्हणून हट्ट धरला आणि तिथल्या झाडूवाल्या बाईचा पदर जो पकडला तो सोडेचना. तिने आरडाओरडा केला, माणसं जमली, छत्रीवाला तिथेच धरला गेला. सहा वर्षांचं पोर, पण माझ्यापेक्षा हुशार निघालं. तोवर मी इथे गेटपाशी उभी. आणि उभ्या उभ्या काय केलं असेल मी? त्या कुंडीखालचा दगड घेतला आणि गेटची कडी ठोकून सैल केली. चौकशीत म्हटलं, मी त्यांना बाहेर पडताना बघितलं तेवढंच; आणि लिहिलं गेलं, कडी नादुरुस्त असल्यामुळे अनोळखी इसम आत शिरला. कडी बिचारी धडधाकट होती. नवी बसवली, नियम आला, वही आली, आणि मला शाबासकी मिळाली की मावशी आता डोळ्यांत तेल घालून उभी असते. असणारच ना.

त्या मुलाची आई दरवर्षी शाळा उघडली की मला एक फूल आणून देते. ते बघा, पेल्यात ठेवलंय. म्हणते, मावशी, तुम्ही मागे लागून कडी बदलून घेतलीत. आज सकाळी ठरवून आले होते, सांगून टाकायचं. तिने फूल पुढे केलं आणि माझ्या तोंडून काय निघालं? — छान आहे हो, वास येतो का याला?

काय म्हणालात? सांगून टाका? बोलायला काय जातं हो तुमचं, तुम्हाला साधा शब्द सांगता येईना.

घ्या, वाजला फोन. विचारा. का हो, चेहरा का असा झाला? बरं, हळू सांगा. नीट ऐकू नाही आलं. अजून एकदा. ‘बाबांचं घोरणं’? बरोबर आहे. नाही, ऐकू पहिल्यांदाच आलं होतं, पण दोनदा ऐकावासा वाटला. बायकोने नाही हो, पोरीने ठरवलाय, इथे अक्षर तिचंच आहे. ये गं चिमणे, बाबा पास झाले.

चला, निघा आता. घंटा झाली, चौथीवाले येतील, माणसं जमायला लागली. ती बघा, हिरव्या साडीतली, रस्ता ओलांडतेय — तीच. नाही, तुम्ही थांबू नका. म्हटलं ना थांबू नका, मला तिच्याशी जरा बोलायचंय. पोरीचा हात धरा आणि जा. आणि असं वळून वळून बघू नका दादा, एक तर मला धीर नाही, त्यात तुम्ही.