जाड भिंगाचा चष्मा

—नाही, आता उठायचं नाही. सुई अर्ध्यावर आहे, रफू अर्धवट सोडलं की भोक आणखी पसरतं. तुम्हाला कुठलं माहीत असणार म्हणा, तुम्ही टेम्पोवाले! बसा त्या स्टुलावर. आणि सारखं दाराकडे बघू नका — माझा मुलगा एवढ्यात यायचा नाही. आला तर तुमची गचांडी धरेल, मग मी कुणाला आवरू? आधी पँट आणलीत, मग स्वेटर, आज हा शर्ट. अहो, हे भोक झिजून पडलेलं नाही, कात्रीनं पाडलंय, एवढं कळतं मला. ओळखलं मी तुम्हाला पहिल्याच दिवशी. मग हाकललं का नाही? भीती वाटली. तुमची नव्हे हो, तुमच्यासारखे छप्पन पाहिलेत! तुम्ही तोंड उघडाल, याची भीती. आणि तुम्ही तर बोलतच नाही — त्याची तर आणखीच.

काय बघताय? मघापासून माझ्या नाकाकडे — चष्मा आहे, दुसरं काय! पुरुषी आहे, बरोबर. आमच्या ह्यांचाच. माणूस गेला म्हणून काय भिंग फेकून द्यायचं? ह्यातून दोरा दोरखंडाएवढा दिसतो. काळं कापड आलं की मी ह्यांच्या नाकावरून काढूनच घ्यायचे. मग ते बसायचे गुणगुणत, तुम्ही बसलाय तिथंच — दिवसाचं घुबड म्हणायचे मी त्यांना — माझं होईपर्यंत हलायचे नाहीत. नेहमी बसायचे. नेहमी.

त्या दिवशी नाही बसले. काळा कोट होता, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. हे म्हणाले, दे गं चष्मा, दूध घेऊन येतो. मी म्हटलं, समोर तर दुकान आहे, पायांना डोळे नाहीत का तुमच्या? एवढंच. हसले की ते! हसतच पायरी उतरले. मग तुमचा ब्रेक कर्रकन वाजला — आणि मी काय केलं सांगू? हातातला टाका पुरा केला. खरंच. टाका पुरा केला, गाठ मारली, मग उठले.

मुलगा रस्त्यावर गुडघे टेकून चष्मा शोधत होता. चष्मा माझ्या पदराखाली. मी म्हटलं, गटारात उडाला असेल रे. तेव्हापासून तो घरात नसतानाच घालते. तुम्ही पोलिसांना सांगितलंत, म्हातारा माझ्या टेम्पोकडे बघत बघत पुढं आला. सगळे थुंकले तुमच्यावर. मुलगा म्हणाला, मेलेल्या माणसावर ढकलतोय, हलकट! आणि मी गप्प. तुम्ही खरं बोलताय हे एकटी मी जाणत होते — बघत असणारच ते, पण दिसत काय होतं? नुसतं धुकं.

आता उद्या कोर्टात मला उभी करणार. मुलानं वाक्य घोकून घेतलंय, चौथीपर्यंतच शिकले पण पाठांतर पक्कं: ‘ते चष्म्याशिवाय कधी बाहेर पडत नसत.’ म्हटलं तर तुम्ही आत जाल — घरी कोण आहे तुमच्या? नको, सांगू नका! आणि नाही म्हटलं, तर हा एवढा एकच मुलगा उरलाय मला. तो मला पुन्हा आई म्हणेल? म्हणेल का हो? — मी तरी कुणाला विचारतेय!

हं, झाला शर्ट. उजेडात धरा — सापडतंय का भोक? नाहीच सापडायचं. आता तरी चांगले कपडे कापू नका—

गप्प. स्कूटर थांबली. त्याचीच आहे. मागच्या दारानं निघा. पैसे राहू द्या, आधी उठा! थांबा. हा चष्मा मी काढला, हा इथं शर्टावर ठेवला. जीभ माझीच आहे, पण उद्या वळेल की नाही, देव जाणे. मी भिंतीकडे तोंड करते. शर्टाबरोबर काय उचललंत ते मला बघायचं नाही. कडी वाजवतोय तो — जा म्हणते ना!