पंखाच कमी करायला उठलो होतो!

नाही हो, हसू नका, मी पंखाच कमी करायला उठलो होतो! आता तुम्ही म्हणाल, ऐन बढतीचं नाव जाहीर होताना यालाच बरा वारा झोंबला... तुम्हाला सांगतो, ते ऑफिस खोटं, टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतलं; पण अब्रू गेली ती खरी, माझी!

त्या मालिकेत मी फाईल आणून देणारा कारकून. पहिल्या भागापासून वाक्य एकच, ‘साहेब, सही.’ आणि एक दिवस आमचे लेखकमहाशय चहा फुंकत म्हणतात, "काका, साहेबांचं काम करणारे मालिका सोडतायत. त्या खुर्चीत आपल्यातलाच कुणी बसवू म्हणतोय..." आपल्यातला! सेटवर माझ्याहून जुनं कोण, ते टेबल? झालं! लेखकाच्या फुसक्या विनोदांवर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो, कपडेपटवाल्या दादांना कोटाचं माप देऊन आलो, बायकोला सांगितलं, तिनं शेजारच्या वहिनींना, सासूबाईंनी अख्ख्या गोतावळ्याला...

आणि आमच्या दिग्दर्शकाची खोड अशी की असल्या प्रसंगाचं शेवटचं पान कुणाला द्यायचंच नाही. "चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं पाहिजे मला, खरं!" कॅमेरा सुरू. साहेब उभे राहिले, "तर मंडळी, आपले नवे साहेब आहेत... ज्यांच्यावाचून या ऑफिसचं पान हलत नाही..." आणि मी उठलो! कोटाचं बटण लावावं तसा हात पोटावर, मान नम्र, पुढे चालायलासुद्धा लागलो हो... आणि नाव आलं झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्याचं! ते काम कोण करतो? निर्मात्याचा मेव्हणा! परवा आलेला!

आता उठलेल्या माणसानं करायचं काय? सगळे बघतायत, कॅमेरा बघतोय, कानशिलं तापलेली... तसाच भिंतीपाशी गेलो आणि म्हटलं, "पंखा... जरा कमी करतो." रेग्युलेटर धरायला जातो तर बोटं सरकली. भिंतीवर रंगवलेला होता! वरच्या पंख्याला वायरच नाही, तो जन्मात फिरलेला नाही, आणि मी आपला चित्रातलं बटण पिळतोय, पिळतोय...

सगळा सेट हसत सुटला. दिग्दर्शक धावत आले, "ओके! काका, काय अभिनय केलात!" अभिनय! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं, आणि मला वाटत होतं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. लाज वाटली हो, सरळ सांगतो. "अहो, मी पंखाच..." तर जास्तच हसले.

घरी सांगायची हिंमत झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता तो भाग लागलाच की! घर भरलेलं, सासूबाई अगदी टीव्हीला खेटून. मी पडद्यावर उठलो, भिंतीशी गेलो, घर खदाखदा हसलं. सासूबाई म्हणतात, "अगंबाई! जावईबापूंना खरंच वाटलं की काय, आपलंच नाव?"

एकटी बायको तेवढी हसली नाही. तो बटण लावायचा हात आरशासमोर तिनंच माझ्याकडून बसवून घेतला होता ना! तिनं माझ्याकडे पाहिलं... आणि उठली, घरातला खराखुरा पंखा एकवर आणला आणि म्हणाली, "काही नाही गं आई, यांना वारा सोसतच नाही. घरीसुद्धा यांचं हेच."

तेव्हापासून कुणी आलं, की ती आठवणीनं पंखा एकवर आणते. जीव जातो हो उकडून! पण बोलणार काय? मी पंखाच कमी करायला उठलो होतो ना... बसतो आपला घाम पुसत.