राजा ओरेस्ट काही मरत नाही

…नाही, तुम्हीच म्हणून दाखवा! क्झ्'थार्‍विल्'झ! वर मधेमधे माश्या बसल्यासारख्या खुणा, आणि हा म्हणे कादंबरीतला राजा! अहो, याला आई जेवायला कशी हाक मारत असेल? तोवर सूप गार होणार की! तुम्हाला सांगतो, नाव साधं ठेवलं असतं, तर पुढचं काही झालं असतं का?

मी साठी उलटल्यावर वाचायला शिकलेला माणूस. जन्म गेला गव्हाच्या कोठारावर फावडं मारण्यात. ग्रंथालयातल्या बाईंनी बोट धरून अक्षरं शिकवली. माझं वाचणं म्हणजे बर्फात रुतलेला ट्रॅक्टर… पण निघतो हो, सावकाश निघतो. आता आठवड्यातून तीनदा आम्ही तीन म्हातारे डायलिसिसच्या खुर्च्यांत बांधलेले असतो. मी, डोरीन आणि ओरेस्ट. रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं, आणि समोर टीव्हीवर तीच ती हॉकी. मग मी मोठ्यानं वाचायला लागलो. हल्लीच्या कादंबऱ्या, राक्षसांच्या, अंतराळाच्या.

चांगल्या असतात बरं का! मी तक्रार करत नाही… म्हणजे करतोय, पण प्रेमानं. एकीत अंतराळजहाजातले सगळे प्रवासी काचेच्या पेट्यांत नळ्या लावून दोनशे वर्षं झोपलेले. डोरीन ओरडली, "अगं बाई, हे तर आपणच! पण दोनशे वर्षं सुई एकाच हातात?" आमची नर्स रोवेना म्हणते, "आजोबा, त्या जहाजावर नर्सला सुट्टी मिळते का, तेवढं बघून सांगा."

आणि ही राजाची कादंबरी! तीन जाडजूड भाग, तीनशे पानं नुसती लढाई. पण त्या राज्यात कुणी पेरणी केलेली वाचली नाही मी, आणि मेजवानीला पाव मात्र हजर! कुठल्या गव्हाचा? पण ड्रॅगन उडाला ना, की आम्ही तिघंही खुर्चीसकट उडायचो. लेखकाचे उपकार आहेत बाबा.

फक्त ती नावं! मग मी काय केलं, आपल्याच माणसांची नावं घातली. राजाचा केला ओरेस्ट, भुवया तशाच झुबकेदार म्हणून. ड्रॅगन डोरीननं मागून घेतला. "मला आग ओकायची आहे," म्हणाली. मजेत चाललं होतं.

आणि फेब्रुवारीत ओरेस्ट रोवेनाला म्हणाला, "पोरी, बास झालं. ईस्टरनंतर मी येणार नाही."

यंत्र सोडलं की माणूस जेमतेम पंधरवडाभर टिकतो, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक. डोरीननं हॉकीचा आवाज वाढवला.

आणि घरी मी पुढचं पान घोकायला घेतो, कारण घोकल्याशिवाय मला जमत नाही, तर काय? राजाला विषारी बाण! पान उलटलं तर राजा मेला! पुढं शंभर पानं अंत्ययात्रा! आता सांगा, ओरेस्टला समोर बसवून 'ओरेस्ट मेला' असं वाचू? नाव साधं ठेवलं असतं, तर ही वेळ आली असती का?

दुसऱ्या दिवशी घसा खाकरला आणि वाचलं, "राजा ओरेस्टनं डोळे उघडले आणि म्हणाला, बीटाचं सूप आणा."

"आंबट साय घालून?" ओरेस्टनं विचारलं.

"घालून."

"राजाला बीट चालणार नाही!" रोवेना तिकडून ओरडली. "त्यात पोटॅशियम! मूत्रपिंडांना झेपत नाही!"

मग सुटलोच मी. राजा उठला, काठी घेऊन चालला, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायला बसला, ड्रॅगनशी पत्ते खेळून हरला. ईस्टर आला, ईस्टर गेला, ओरेस्ट येतच राहिला. मी आपला उगाच पानं उलटतोय… आणि एक दिवस डोरीन म्हणाली, "ऑर्व्हिल, मेल्या, पुस्तक उलटं धरलंयस!"

माझं तोंड बीटासारखं लाल. ओरेस्ट म्हणाला, "राहू दे गं. नाताळातच नातीनं मला ते पुस्तक दिलं होतं. राजा मेलेला मला ठाऊक होता."

"मग येत का होतास रे?" मी विचारलं.

"ठरवलं होतं, राजा मेला की आपणही थांबायचं." त्यानं पेल्यातला बर्फाचा खडा तोंडात टाकला, पाणी मोजूनच प्यायचं ना आम्हाला. "पण गाढवा, तू मारशील तर ना!"

रोवेनानं उगाचच माझी पट्टी नीट केली. नाव साधं असतं, तर हे झालं असतं का हो? त्या माश्या बसलेल्या नावाच्या पाया पडावंसं वाटलं मला.

बरं, संपलं का? कुठलं! काल ग्रंथालयातल्या बाई हसत हसत चौथा भाग घेऊन आल्या. पहिलीच ओळ, 'राजा जाऊन एक वर्ष झालं.' पुढं सहाशे पानं राज्यभर रडारड! आणि ज्याच्यासाठी रडायचं, तो समोरच्या खुर्चीत बर्फ चघळत विचारतोय, "वाच की! आज जेवायला काय आहे मला?"

आता काय करता… रडणाऱ्या सहाशे पानांना सूप वाढतोय झालं!